अठरावी तिथी आणि साडेपाचचं टेबल

२ जून, सोमवार

ही वही तिथीच्या तयारीसाठी आहे. पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नमुने तपासले. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं तिथे मानत. म्हणून लिहितो.

माझी बायको न्हुंग गेल्या वर्षी तेवीस जुलैला गेली. आमच्या चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याचा तो अठरावा दिवस होता. वर्षश्राद्ध अर्थातच तिथीने करायचं. स्वयंपाकघरात किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर आहे, रोज एक पान फाडायचं. वर मोठी इंग्रजी तारीख, खाली बारीक आकड्यांत तिथी. पान फाडायचं काम न्हुंगचं होतं. मी फाडत नाही, त्यामुळे भिंतीवर अजून एक जानेवारीच आहे. आज तेवीस जुलैचं पान उचकलं आणि तिथून पुढे बघत गेलो. सहाव्याची अठरा अकरा ऑगस्टला सापडली. सोमवार. पानाचा कोपरा दुमडून ठेवला. हातात सत्तर दिवस आहेत.

नैवेद्याचा स्वयंपाक मी स्वतः करणार आहे. मला भात आणि उकडलेली अंडी येतात.

८ जून, रविवार

नारळपाण्यात डुकराचं मांस. साखर जाळायची होती, कोळसा झाली. पातेलं बाहेर भिजत ठेवलं.

न्हुंग साखर कुठवर जाळायची हे वासावरून ठरवायची. मी कधी विचारलं नाही.

१४ जून, शनिवार

दुपारी किराणा दुकानात गेलो. गल्ल्यावरची बाई म्हणाली, यंदा अधिक महिना आहे, थंडी लांबणार. मी म्हटलं, लांबू दे, इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात भाजी चांगली येते. खिमा भरायला कारली हवी होती, तिच्याकडची पिवळी पडली होती. सुओंग ताईंच्या काचघरात असतील. ताई न्हुंगची थोरली बहीण. शहराबाहेरच्या व्हर्जिनिया गावात त्यांची काकडीची शेती आहे. नवरा गेल्यापासून दोन मजूर घेऊन त्या एकट्या सांभाळतात.

संध्याकाळी माझी मुलगी क्विन आणि तिचा जोडीदार कॅलम आले. क्विनने शहरातल्या त्या हॉटेलात टेबल धरलंय, बारा जुलै, शनिवार, साडेपाचची पाळी. जपानी, थाई, कोरियन, आपलं मायदेशचं, सगळं एकत्र करून देतात ते. तीन महिने आधी धरावं लागतं म्हणे. न्हुंगला तिथे जायचं होतं. टीव्हीवर त्यांच्या आचाऱ्याला पाहिल्यापासून दोन वर्षं म्हणत होती. मी दर वेळी म्हणायचो, घरी तू याहून चांगलं करतेस. तिला ते कौतुक वाटायचं. खरं म्हणजे मला गर्दी आणि आवाज नको होता.

मी क्विनला सांगितलं, वर्षाच्या आत असं हौसेने बाहेर जेवायला जाणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "कुणाला बरं दिसायला हवंय, बा? मा असती तर तुम्हाला कॉलर धरून नेलं असतं." कॅलम म्हणाला की कॉलर धरायचं काम त्याच्याकडे द्यावं, तो उंच आहे.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२२ जून, रविवार

मांस, तिसरी वेळ. रंग आला. चव नाही. फिश सॉस कमी की नारळपाणी जास्त, कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी, हे मी इतकी वर्षं प्रयोगशाळेतल्या पोरांना शिकवलं आणि स्वयंपाकघरात मात्र तीन गोष्टी एकदम बदलतो.

ताईंना विचारता येईल. पण मग त्या म्हणतील, ठेव तू, मी करते. हे मला करायचं आहे.

२९ जून, रविवार

क्विन म्हणते, पुढच्या वर्षीपासून श्राद्धही हॉटेलात करू, कितीतरी लोक करतात, कुणालाच दोन दिवस राबावं लागत नाही. मी म्हटलं, न्हुंगला हॉटेलाचा रस्ता कसा सापडेल? ती घरी येणार. क्विनने चपला घातल्या. जाताना दारात म्हणाली, "निदान एवढं तरी बोललात."

तिला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

१० जुलै, गुरुवार

सकाळी ताईंचा फोन आला. सहसा त्या फोन करत नाहीत. सगळं नीट आहे ना, विचारलं. मी म्हटलं, नीट आहे. काही हवंय का? मी म्हटलं, नको, काहीच नको. शनिवारी घरी आहेस ना? मी म्हटलं, हो, घरीच. क्विनबरोबर बाहेर जेवायला जाणार हे सांगायची लाज वाटली. त्यांची सख्खी बहीण जाऊन वर्ष नाही झालं.

मग त्या म्हणाल्या, बरं, आणि थोडा वेळ फोन तसाच धरून राहिल्या. मीही धरून राहिलो. मागे काचघरातल्या पंख्यांचा आवाज येत होता.

तिथीची आठवण करून द्यावी असं मनात आलं होतं. पण तिथीला आमच्याकडे बोलावणं नसतं. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि सांगितल्यावर आलेला माणूस आलेला धरत नाहीत. ताईंना मी आठवण करून देणं म्हणजे अपमान.

१२ जुलै, शनिवार

पावणेपाचला निघालो. पडदे ओढले, दिवे बंद केले.

जुन्या छापखान्याची इमारत आहे. भिंती मुद्दाम सोललेल्या. अंधार एवढा की मेनू वाचायला कॅलमने मोबाइलचा दिवा धरला. संगीत छातीत वाजत होतं. न्हुंगने पहिल्या पाच मिनिटांत रुमाल काढून चमचे पुसले असते.

टेबल चौघांसाठी मांडलेलं. क्विन म्हणाली, टेबल धरताना हात सवयीने चारवर गेला. वेटर चौथी वाटी आणि जेवायच्या काड्या उचलायला आला, तर तिने त्याला असू दे म्हणून खुणावलं. मग जे जे आलं त्यातला एक तुकडा कॅलम चारही वाट्यांत घालत गेला. मला वाटतं, मोजणीत त्याची गफलत होत होती.

काय आलं ते लिहून ठेवतो. कच्च्या माशाचे काप, त्यावर फिश सॉस आणि लिंबाचा बर्फ किसलेला. गवती चहात मुरवून भाजलेलं कांगारू. कोरियन लोणचं घातलेला वाफवलेला पाव. प्रत्येक ताटलीबरोबर वेटर एक भाषण करी. शेवटी म्हणाला, चार देशांची सफर एका टेबलावर. चारही देशांतल्या कुणाला ओळख पटली नसती. पण मासा ताजा होता, हे मान्य करायला हवं. बर्फाची कल्पनाही वाईट नव्हती. आंबट, खारट आणि गार एकदम. न्हुंगने घरी येऊन दुसऱ्या दिवशीच करून पाहिलं असतं.

मग आमच्याकडचंच, तांदळाच्या पापडात गुंडाळायचं ताट आलं. वेटर चांगला होता, वीसबावीसचा, दाढीवाला. माझ्याकडे वाकून त्याने विचारलं, पहिल्यांदाच खाताय का, दाखवू? मी म्हटलं, "हो, दाखवा." त्याने पापड नको तितका भिजवला, पाला भसाभस भरला, गुंडाळी सुटली आणि कोळंबी त्याच्या बाहीत गेली. तो म्हणाला, अवघडच असतं हे, सरावाने जमतं. मी म्हटलं, मी प्रयत्न करीन. कॅलमला ठसका लागला. क्विन टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मीही हसलो. तेवढ्यात वेटरने क्विनच्या मोबाइलवर आमचा फोटो काढला.

मी हसलो. वर्षाच्या आत.

नंतर कॅलम हात धुवायला गेला तेव्हा क्विनने विचारलं, "बा, मा गेल्यापासून तुम्ही माझ्याशी तिच्याबद्दल किती वेळा बोललात, माहितीये?"

मी म्हटलं, बोलतो की.

"दोनदा. एकदा डॉक्टरांचा कागद शोधताना आणि एकदा परवा, रस्ता सापडण्याबद्दल."

तिने मोजलं होतं, याचं मला आश्चर्य वाटलं. मी तिच्या वाटीत मासा वाढला. ती बराच वेळ त्या माशाकडे बघत राहिली, मग खाल्ला.

निघताना चौथी वाटी शिगोशीग भरलेली होती. वेटर म्हणाला, पाहुणे आले नाहीत वाटतं.

१३ जुलै, रविवार

काल आलो तेव्हा अंधारात दिसलं नाही. सकाळी दारापाशी कापडात बांधलेलं पातेलं आणि पांढऱ्या शेवंतीची जुडी होती. कापडाची गाठ ताईंची. आत नारळपाण्यातलं मांस आणि अंडी. त्यांनी काल चक्कर मारलेली दिसते. घरीच आहे म्हणालो होतो, म्हणून ओशाळलो. आभाराचा संदेश पाठवला.

फुलं मागच्या खोलीत बादलीत ठेवली. इतकी कशाला आणली, कळत नाही. मांस उत्तम होतं. असं मला जमायला हवं.

१६ जुलै, बुधवार

ताईंचं उत्तर नाही. मांस संपलं.

क्विनने तो फोटो फेसबुकवर टाकला आहे, बारा तारखेलाच, तिथे बसल्या बसल्या. सत्तेचाळीस लोकांना आवडला. ताईंची एरवी पहिली खूण असते.

२३ जुलै, बुधवार

इंग्रजी तारखेने आज वर्ष. आज काही करायचं नसतं. क्विनचा कामावरून फोन आला. ती काही बोलली नाही, मीही नाही. चार मिनिटं झाल्यावर म्हणाली, पेशंट आला.

२७ जुलै, रविवार

मांस, आठवी वेळ. जमलं असं म्हणता येईल. आता कारली.

२ ऑगस्ट, शनिवार

जमेल तसं लिहितो.

सकाळी व्हर्जिनियाला गेलो. ताईंचं पातेलं घासून नेलं होतं. त्या काचघरात वेलींना सुतळ्या बांधत होत्या. मला पाहिलं, पण काम थांबवलं नाही. "या," म्हणाल्या. पस्तीस वर्षं मला अरेतुरे करणारी बाई. मी पातेलं खाली ठेवलं. म्हटलं, डझनभर कारली हवी होती, अकरासाठी.

"अकराला काय आहे?"

मी म्हटलं, तिथी.

"कुणाची?"

मला वाटलं त्या माझी परीक्षा घेताहेत. म्हटलं, न्हुंगची, ताई. सहाव्याची अठरा.

त्यांनी सुतळी सोडली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मी नजर वळवली. मग अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "यंदा सहावा महिना दोनदा आहे. तिथी पहिल्यात करतात. झाली ती. बारा जुलैला झाली."

पंखे चालू होते.

"शेतातलं काम आटपून पाचला आले मी," त्या म्हणाल्या. "सकाळी यायला जमलं नाही म्हणून वाईट वाटत होतं. म्हटलं, निदान उदबत्ती सापडेल. घर बंद, पडदे ओढलेले. मला वाटलं, फुलं आणायला गेले असतील. पायरीवर बसले. तास झाला, दिवस मावळला, तरी म्हटलं येतील. मग मोबाइल वाजला. बघते तर तुम्ही सगळे हसताय."

मी म्हटलं, ताई.

"पायरीवर बसूनच पाहिला तो फोटो. पातेलं परत घरी न्यायचं माझ्या जिवावर आलं. घरी जाऊन मीच तिच्या नावाने उदबत्ती लावली. माझ्या घरी. माझ्या सासरच्या माणसांच्या फोटोंपुढे."

चूक कशी झाली ते सांगायला हवं होतं. तेवीस जुलैपासून पुढे बघत गेलो, मागे बघायचं सुचलं नाही, एवढं साधं वाक्य होतं. ते तोंडातून निघालं नाही. कारण ऐकवणं म्हणजे सुटका मागणं वाटलं. ताईंनी कारली तोडली, डझनाला दोन जास्त, पिशवीत भरून माझ्या हातात दिली. "घ्या," म्हणाल्या. "तोडली आहेत तर करा काय करायचं ते."

घरी येऊन कॅलेंडर भिंतीवरून काढलं. बारा जुलैचं पान: अठरा, सहा. स्पष्ट छापलेलं. अकरा ऑगस्टच्या पानावर महिन्यापुढे बारीक अक्षरांत 'अधिक' असं लिहिलेलं आहे. कोपरा दुमडला तेव्हा तो शब्द माझ्या अंगठ्याखाली असणार.

एकतीस वर्षांत एक नमुना चुकीच्या तारखेने नोंदवला नाही. त्यांच्या घरचं मांस मी तीन दिवस चवीने खाल्लं. तो तिचा नैवेद्य होता.

३ ऑगस्ट, रविवार

क्विनला बोलावून सांगितलं. ती रडली. मग चिडली. बारा तारीख तिने ठरवली होती, फोटो तिने टाकला होता, आणि चिडली ती माझ्यावर. "मावशीला चूक कशी झाली ते सांगितलंत का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तिला काय वाटत असेल? की तुम्ही विसरलात. नाहीतर त्याहून वाईट, की आठवत असून गेलात."

मी म्हटलं, विसरलोच की एका अर्थी.

"तुम्ही विसरला नाहीत, बा. तुम्ही दोन महिने डुक्कर शिजवताय." मग डोळे पुसून म्हणाली, त्या शनिवारपासून तिने मावशीला तीन संदेश केले, ते वाचलेले दिसतात, उत्तर नाही. कॅलमने विचारलं की अधिक महिन्यातली तिथी धरत नाहीत का. कुणालाच नक्की सांगता येईना. काही लोक दोन्ही करतात म्हणे. क्विन म्हणाली, अकराला करायचंच. मी म्हटलं, आपल्या सोयीने तिला दुसऱ्यांदा बोलवायचं का? ती म्हणाली, "पहिल्यांदा कुठे बोलावलंत?"

९ ऑगस्ट, शनिवार

ताईंना दोनदा फोन लावला. वाजण्याआधीच ठेवला.

११ ऑगस्ट, सोमवार

पहाटे उठलो. क्विनने सुटी काढली होती. मांस जमलं. तळलेल्या गुंडाळ्या तिने केल्या, वाकड्यातिकड्या. कारली फुटली, खिमा सारात पसरला. तसंच ठेवलं. पांढरी शेवंती मीच आणली. फोटोपुढे पाच वाट्या, भात, चहा, तीन उदबत्त्या.

वडिलांच्या श्राद्धाला मनातल्या मनात नमस्कार करून बाजूला व्हायचो, बाकीचं न्हुंग बोलायची. आज क्विन शेजारी उभी होती, तरी मोठ्याने म्हणालो, "न्हुंग, तारीख चुकली. तुझी ताई पायरीवर बसून होती. आम्ही त्या हॉटेलात होतो." पुढे आणखी काही म्हणायचं होतं. झालं नाही. क्विनने माझा हात धरला. ती लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची, तसा नाही. उलट.

उदबत्त्या विझेपर्यंत थांबायचं असतं. फाटक वाजलं असं दोनदा वाटलं. एकदा पोस्टमन होता, एकदा कोणी नव्हतं. दुपारी दोनला आम्ही जेवायला बसलो. कॅलम तीनला आला, त्याच्यासाठी गरम केलं. कारल्याचं सार त्याने दोनदा घेतलं. खोटं असेल.

ताई आल्या नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी साडेसातला फोन लावला आणि वाजू दिला. त्या वेळी ताई कामाला लागलेल्या असतात. त्यांनी उचलला.

काल बसून पुढच्या वर्षीची तिथी मी काढली होती. अमावास्येपासून मोजून, नंतर इंटरनेटवर पडताळून. कागदावर लिहिलेलीही होती, समोर. तरी विचारलं.

"ताई, पुढच्या वर्षी न्हुंगची तिथी कधी येते?"

तिथी विचारत नसतात. मी कधी विचारली नव्हती, आणि मला वाटतं त्यांनाही कधी कुणी विचारली नव्हती.

पलीकडचे पंखे बंद झाले. मग म्हणाल्या, "एकतीस जुलै. शुक्रवार आहे."

मी म्हटलं, मी तेवीस तारखेपासून पुढेच बघत गेलो. मागे बघितलं नाही. आधी येऊन जाईल असं डोक्यातच आलं नाही.

"क्विनने मागच्या आठवड्यात लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मी म्हटलं, हो.

"कारली फुटली का?"

फुटली म्हणालो. त्या म्हणाल्या, दोऱ्याने बांधायची असतात, कांद्याच्या पातीच्या हिरव्या दोऱ्याने, एवढं घरात बघून कळलं नाही का पस्तीस वर्षांत. पुढच्या वर्षी आदल्या दिवशीच येईन, तू मधे लुडबुडू नकोस. मी बरं म्हटलं. त्या फोन ठेवायच्या बेतात होत्या. मी थांबवलं.

विचारलं, त्या दिवशी पायरीवर थंडी होती का.

"होती," ताई म्हणाल्या.